चीनचें कर्ज आणि चीनची प्रजा

सरकारनें परदेशांतून कर्ज काढावयाचें आणि प्रजेनें तें फेडावयाचें, हा राज्यव्यवहारांतील फार जुना रिवाज आहे. घेणारा एक आणि फेडणारा दुसरा अशी ज्या देवघेवीची मूळ घडणच आहे, तिच्याकडे सावकार व कूळ यांच्यामधील खाजगी व्यवहार म्हणून पाहणें बरोबर नाहीं. सरकारें बदलतात, राजवंश लयास जातात, सेनापति येतात आणि नाहींसे होतात. रोखा मात्र मागें राहतो, आणि ज्यांनीं त्यावर सही केली नाहीं त्यांच्या नातवंडांच्या मीठभाकरींतून त्याचे हप्ते वसूल होतात. म्हणून एखाद्या परक्या सरकारास कर्ज देऊं द्यावें कीं त्यास विरोध करावा, असा प्रश्न जेव्हां इतर राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांपुढें येतो, तेव्हां त्यांनीं कोणाचें हित पाहून निर्णय करावा, याचा शांतपणें विचार होणें अवश्य आहे. चीनच्या कर्जाचें प्रकरण या विचारास जितकें उपयोगी आहे, तितकें दुसरें क्वचितच सांपडेल.

जागतिक बँकेनें चीनला कर्ज द्यावें कीं नाहीं, हा वाद वॉशिंग्टन येथील अधिकाऱ्यांत वारंवार झालेला आहे. डिसेंबर २०१९ मध्यें बँकेच्या संचालक मंडळापुढें चीनविषयींची २०२५ पर्यंतची योजना आली. तिच्यांत दर वर्षास शंभर ते दीडशें कोटि डॉलरपर्यंत कर्ज देण्याचें योजिलें होतें. अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनीं आपल्या सरकारचा तीस विरोध असल्याचें सांगितलें आणि अध्यक्ष ट्रंप यांनींही जाहीरपणें नापसंती दर्शविली. तथापि योजना पुढें गेलीच. विरोधाचें मुख्य कारण असें कीं, चीन आतां गरीब राहिलेला नाहीं, त्याच्या खजिन्यांत परकीय चलन रगड आहे, आणि तो स्वतःच इतर देशांस कर्जें वांटीत आहे. हें कारण खोटें आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. पण त्याचा रोंख पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. कर्ज देण्यांत आपला तोटा किती व प्रतिस्पर्ध्याचा फायदा किती, एवढाच त्यांत हिशेब आहे. ज्यांच्या नांवावर हें कर्ज चढावयाचें त्या चिनी प्रजेचा त्यांत उल्लेख नाहीं. ही उणीव आजची नाहीं. तिचें मूळ पाहावयाचें असल्यास वाचकांनीं शंभरांहून अधिक वर्षें मागें जाऊन १९११ ते १९२० या काळांतील चिनी कर्जांचा इतिहास डोळ्यांखालून घालावा.

१९११ च्या मे महिन्यांत चीनच्या मांचू बादशाही सरकारनें हांकाऊ शहरापासून कँटनकडे व सेचवान प्रांताकडे जाणारे लोहमार्ग सरकारजमा केले, आणि लागलीच इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका या चार देशांतील पेढ्यांकडून साठ लाख पौंडांचें कर्ज काढलें. अमेरिकन पेढ्यांस या कर्जांत वांटा मिळावा म्हणून खुद्द अध्यक्ष टाफ्ट यांनीं १९०९ मध्यें चीनच्या राजप्रतिनिधीस तार केली होती. ज्या लोहमार्गांसाठीं सेचवानच्या लोकांनीं आपल्या गांठचे पैसे भागभांडवल म्हणून घातले होते, ते आपणांस न विचारतां परक्यांच्या कर्जापायीं सरकारनें घेतले, हें त्या लोकांस सहन झालें नाहीं. प्रांतभर चळवळ उठली, गोळीबार झाला, आणि ती शमविण्यासाठीं सैन्य तिकडे गुंतलें असतांच १० ऑक्टोबर रोजीं वूचांग येथें बंड होऊन मांचू घराण्याच्या अंतास सुरुवात झाली. प्रजेच्या संमतीवांचून काढलेलें कर्ज अडीचशें वर्षांहून जुन्या राजवंशास भोंवलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु हा धडा ना पेकिंगमधील नव्या अधिकाऱ्यांनीं घेतला, ना युरोपांतील जुन्या सावकारांनीं.

१९१२ च्या आरंभीं चीनमध्यें लोकसत्ताक राज्य स्थापन झालें आणि लवकरच युआन शिकाय हा त्याचा अध्यक्ष झाला. खजिना रिकामा, प्रांतांकडून येणारा वसूल बंद, सैनिकांचे पगार थकलेले, आणि १९०१ साली बॉक्सर बंडाबद्दल लादलेल्या पंचेचाळीस कोटि टेलांच्या दंडाचे हप्ते डोक्यावर, अशी या राज्याची स्थिति होती. पूर्वीच्या चार राष्ट्रांच्या मंडळांत रशिया व जपान हीं दोन राष्ट्रें येऊन मिळालीं, आणि या सहा राष्ट्रांच्या पेढ्यांखेरीज दुसऱ्या कोणींही चीनला मोठें कर्ज देऊं नये, असा त्या त्या सरकारांचा आग्रह पडला. तेव्हां चीनचे अधिकारी या मंडळाबाहेर सावकार शोधूं लागले. क्रिस्प नांवाच्या लंडनमधील एका पेढीवाल्यानें ऑगस्ट १९१२ मध्यें एक कोटि पौंडांचा करार केला. त्याच्या अटी सहा राष्ट्रांच्या अटींहून पुष्कळ सौम्य होत्या. तरीही ब्रिटिश परराष्ट्रखात्यानें त्यास विरोध केला. आपल्याच देशांतील सावकारास कायद्यानें अडविण्याची सोय त्या खात्याजवळ नव्हती. पण सरकारची नापसंती आहे एवढें बाजारांत कळलें कीं पुरे होतें. पन्नास लाखांचेच रोखे निघाले, आणि उरलेला करार चीनला भरपाई देऊन मोडावा लागला.

या विरोधाचें समर्थन परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांच्या बाजूनें असें करण्यांत येई कीं, चीननें मिळेल त्याकडून भरमसाट कर्ज काढून दिवाळें वाजवूं नये, आणि देखरेखीवांचून पैसा उधळला जाऊं नये. हेतु वरून पाहतां स्तुत्य आहे. परंतु गरजूस एकाच दुकानाचें दार उघडें ठेवावयाचें, बाकीचीं बंद करावयाचीं, आणि मग हें सर्व तुझ्याच भल्यासाठीं आहे असें त्यास सांगावयाचें, हा उपकार कोणत्या प्रकारचा, हें आमच्या इकडील खेड्यांतून ज्यांनीं एकाच सावकारावर अवलंबून असलेलीं कुळें पाहिलीं आहेत त्यांस निराळें सांगावयास नको. लंडनच्या अधिकाऱ्यांनीं १९१२ साली एका कर्जास विरोध केला खरा. पण तो कर्ज वाईट म्हणून नव्हे, तर सावकार आपला नव्हता म्हणून.

यानंतर १९१३ च्या मार्चमध्यें वॉशिंग्टन येथें जो वाद झाला तो अधिक उंच पातळीवरचा होता, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. वुड्रो विल्सन हे ४ मार्च रोजीं अध्यक्ष झाले. सहा राष्ट्रांच्या मंडळांतील अमेरिकन पेढीवाल्यांनीं नव्या परराष्ट्रमंत्र्यांची, म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची, भेट घेऊन सरळ विचारलें कीं, मागील सरकारच्या सांगण्यावरून आम्ही या कामांत पडलों. तुमचीही तशीच इच्छा असेल तर राहतों, नाहीं तर निघतों. प्रश्न मंत्रिमंडळापुढें गेला. मंडळांतून बाहेर पडल्यास चीनच्या व्यापारांत अमेरिकेचें पाऊल मागें पडेल, अशी शंका निघाली. दुसऱ्या बाजूस ब्रायन यांचें म्हणणें असें कीं, थोड्याशा पेढ्यांस सरकारनें मक्ता देणें हेंच मुळीं गैर आहे. अखेरीस विल्सन यांनीं १८ मार्च रोजीं निवेदन काढून अमेरिकन पेढ्यांस असलेला सरकारचा पाठिंबा काढून घेतला. या कर्जाच्या अटी चीनच्या राज्यकारभाराच्या स्वातंत्र्यालाच हात घालणाऱ्या आहेत. जुनाट व जाचक कर तारण ठेवून घ्यावयाचे आणि त्यांची वसुली परक्या अधिकाऱ्यांच्या हातीं द्यावयाची, यांतून पुढेंमागें चीनच्या कारभारांत बळानें हात घालण्याचाही प्रसंग यावयाचा, आणि ती जबाबदारी पत्करण्यास आपण तयार नाहीं, असा त्या निवेदनाचा आशय होता. परराष्ट्रखात्यांतील हंटिंग्टन विल्सन या वरिष्ठ अधिकाऱ्यानें, खात्यास न विचारतां इतका मोठा निर्णय झाला म्हणून, राजीनामा दिला.

तत्त्वाच्या दृष्टीनें पाहतां विल्सन यांचें म्हणणें अगदीं यथार्थ होतें. परंतु तत्त्व यथार्थ असणें ही एक गोष्ट, आणि त्यापासून ज्याचें रक्षण व्हावयाचें त्याचें रक्षण होणें ही दुसरी. अमेरिका बाहेर पडली. बाकीचीं पांच राष्ट्रें राहिलीं. इकडे चीनमध्यें निवडणुका होऊन सन यात्सेन यांच्या कुओमिन्तांग पक्षास सर्वांत अधिक जागा मिळाल्या होत्या. त्या पक्षाचा तरुण पुढारी सुंग चिआओजेन हा पेकिंगला जाण्यास निघाला असतां २० मार्च रोजीं शांघायच्या स्टेशनावर त्याच्यावर गोळी झाडण्यांत आली, आणि दोन दिवसांनीं तो मरण पावला. या खुनाचे धागे पेकिंग सरकारच्या प्रधानापर्यंत पोंचत असल्याचा पुरावा एप्रिलच्या अखेरीस प्रसिद्ध झाला; आणि त्याच सुमारास, २६ एप्रिलच्या रात्रीं, युआनच्या अधिकाऱ्यांनीं पांच राष्ट्रांच्या पेढ्यांशीं अडीच कोटि पौंडांच्या करारावर सह्या केल्या. हेंच तें ‘पुनर्घटनेचें कर्ज’ होय.

सार्वजनिक कर्जास प्रतिनिधिसभेची संमति पाहिजे, असें चीनच्या १९१२ च्या तात्पुरत्या राज्यघटनेंत लिहिलेलें होतें. निवडून आलेली पार्लमेंट ८ एप्रिल रोजीं भरलेली होती, म्हणजे संमति मागावयाची असती तर मागण्यास जागा होती. युआनच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, डिसेंबर १९१२ मध्यें जुन्या तात्पुरत्या सभेनें कर्जाची रूपरेषा मान्य केली होती, तेवढी संमति पुरे. वरिष्ठ सभागृहानें हें अमान्य करून करार बेकायदा ठरविला, आणि सन यात्सेन यांनीं परकीय सरकारांस व लोकांस जाहीर विनंती केली कीं, पेढ्यांनीं हा पैसा देऊं नये, नाहीं तर देशांत यादवी युद्ध पेटेल. युरोपच्या परराष्ट्रखात्यांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. क्रिस्पच्या कर्जास विरोध करण्यास ज्यांची लेखणी तत्परतेनें चालली होती, त्यांस या वेळीं मात्र चीनच्या अंतर्गत कारभारांत ढवळाढवळ करणें अनुचित वाटलें!

आतां या कर्जाच्या अटी पाहा. व्याज शेंकडा पांच. मुदत सत्तेचाळीस वर्षें, म्हणजे १९६० पर्यंत. रोखा शंभराचा, बाजारांत तो नव्वदास विकावयाचा, त्यांतून पेढ्यांनीं सहा आपल्याकडे ठेवावयाचे, आणि चीनच्या हातीं चौऱ्याऐंशी पडावयाचे. आमच्या जुन्या सावकारींत ज्यास मनोती म्हणत, तिचाच हा विलायती अवतार. अडीच कोटींचा रोखा लिहून देऊन चीनला दोन कोटि दहा लाख मिळाले. त्यांतूनही मोठा भाग जुन्या कर्जांचे व दंडाचे थकलेले हप्ते कापून घेण्यांत गेला. आणि जें उरलें तें पगार, कारभार व सैन्य यांच्या खर्चास लागलें. जुलैमध्यें दक्षिणेकडील प्रांतांनीं बंड केलें; युआनच्या सैन्यानें दोन महिन्यांत तें मोडून काढलें. नोव्हेंबरमध्यें कुओमिन्तांग पक्ष बेकायदा ठरला, जानेवारी १९१४ मध्यें पार्लमेंट विसर्जन पावली, आणि १९१५ च्या अखेरीस युआन सिंहासनावर बसण्यास सिद्ध झाला. त्यास तें पचलें नाहीं व जून १९१६ मध्यें तो मेला, ही गोष्ट निराळी. ज्या पार्लमेंटची संमति न घेतां कर्ज काढलें, तीच पार्लमेंट मोडण्यास त्या कर्जाचें बळ उपयोगी पडलें. पण युआन मेला तेव्हां त्याच्याबरोबर त्याचें कर्ज मेलें नाहीं.

या कर्जास तारण होतें मिठावरील कराचें. त्याची व्यवस्था लावण्यास जो परकी अधिकारी नेमला, तो सर रिचर्ड डेन. आणि हा गृहस्थ हिंदुस्थान सरकारच्या मीठ व अबकारी खात्याचा मुख्य निरीक्षक राहिलेला होता. हिंदुस्थानांत मिळविलेलें कसब त्यानें चीनमध्यें वापरलें. वसुली व्यवस्थित झाली, मधल्या खाबूगिरीस आळा बसला, उत्पन्न वाढलें; आणि हप्ते भागून उरलेली शिल्लक युआनच्या खजिन्यांत जाऊं लागली. डेन हा कर्तबगार होता याविषयीं वाद नाहीं. पण मीठ ही वस्तु श्रीमंतास जितकी लागते तितकीच गरिबास लागते, आणि म्हणूनच तिच्यावरील कर गरिबास सर्वांत अधिक झोंबतो, ही गोष्ट महाराष्ट्रास शिकविण्याचें कारण नाहीं. नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत या करावर वर्षानुवर्षें टीका केली, आणि १९३० सालीं शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनीं लाठ्या खाल्ल्या, त्या याच करापायीं. हिंदी रयतेच्या मिठावर तयार झालेली वसुलीची पद्धति चिनी रयतेच्या मिठावर लावून तिच्या बळावर लंडन व पॅरिस येथील रोखेवाल्यांचें व्याज बिनचूक पोंचविण्यांत आलें, हें या कर्जाचें खरें स्वरूप होय.

अमेरिकेच्या माघारीचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. युरोप महायुद्धांत गुंतला, तेव्हां चीनला पैसा देणारा एकटा जपान उरला. १९१७ व १९१८ या दोन वर्षांत जपानी सरकारनें निशिहारा नांवाच्या मध्यस्थामार्फत पेकिंगच्या तुआन ची-जुई याच्या सरकारास सुमारें साडेचौदा कोटि येन दिले. नांव कोठें तारायंत्राचें, कोठें जंगलांचें व खाणींचें. पण पैसा मुख्यतः गेला तो तुआनच्या सैन्यावर व पक्षावर. हें पाहतांच वॉशिंग्टनमध्यें पुन्हा खल सुरू झाला. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांच्या सल्ल्यावरून विल्सन यांनींच, ज्या मंडळांतून पांच वर्षांपूर्वीं ते बाहेर पडले होते त्याच जातीचें नवें मंडळ काढण्याचें मनावर घेतलें. आणि ऑक्टोबर १९२० मध्यें अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स व जपान यांच्या पेढ्यांचा करार न्यूयॉर्क येथें झाला. या नव्या मंडळानें चीनला कर्ज असें जवळजवळ कांहींच दिलें नाहीं. त्याचा उपयोग झाला तो इतरांस कर्ज देऊं न देण्यापुरता. म्हणजे १९१३ मध्यें अमेरिका सत्कृत्य म्हणून बाहेर पडली, आणि १९२० मध्यें भीतीनें आंत शिरली. दोन्ही वेळां निर्णय चीनबद्दल झाला, चीनला विचारून झाला नाहीं.

कोणी म्हणेल, हा साम्राज्यशाहीच्या काळचा इतिहास झाला. आतांचें जग निराळें आहे. निराळें आहे हें खरें. पण किती, हें तपासून पाहिलें पाहिजे. जून १९८९ मध्यें पेकिंगच्या चौकांत विद्यार्थ्यांच्या चळवळीवर सैन्य घालण्यांत आलें, तेव्हां जागतिक बँकेनें सुमारें ७८ कोटि डॉलरांचीं नवीं कर्जें तहकूब ठेविलीं, आणि जुलैमध्यें पॅरिस येथें जमलेल्या सात धनाढ्य राष्ट्रांनीं त्यास संमति दिली. फेब्रुवारी १९९० मध्यें पुन्हा पहिलें कर्ज मंजूर झालें तें भूकंपानें घरेंदारें गेलेल्या लोकांसाठीं. त्यापूर्वीं, १९७७ मध्येंच, अमेरिकेनें असा कायदा केलेला आहे कीं, जीं सरकारें माणसांच्या मूलभूत हक्कांची घोर पायमल्ली करतात त्यांस जाणाऱ्या कर्जांविरुद्ध आपल्या प्रतिनिधीनें बँकेंत मत द्यावें. मात्र जें कर्ज लोकांच्या अत्यावश्यक गरजा भागविणारें असेल त्याचा अपवाद करावा. अमेरिकेजवळ एकूण मतांच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकींच मतें असल्यामुळें तिच्या एकटीच्या विरोधानें कर्ज अडत नाहीं. तरीही या कायद्यांत आम्हांस एक मोलाची गोष्ट दिसते. सरकार व प्रजा या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि एकीस दंड करतांना दुसरीस उपाशी मारूं नये, हा विवेक त्यांत लेखी उतरला.

याच्या पुढील पाऊल १९९९ मध्यें पडलें. चीनच्या पश्चिमेकडील दारिद्र्य निवारण्याच्या एका योजनेंत सुमारें ५८,००० गरीब शेतकऱ्यांस चिंघाय प्रांतांतील दुलान जिल्ह्यांत नेऊन वसविण्याचें ठरलें होतें. त्या भागासाठीं बँकेचें कर्ज होतें चार कोटि डॉलर. हा मुलूख तिबेटी व मंगोल लोकांच्या जुन्या वहिवाटीचा. बाहेरची वस्ती येऊन पडल्यास आपण आपल्याच भूमींत अल्पसंख्य होऊं, अशी ओरड त्यांच्या वतीनें जगभर झाली. जूनमध्यें संचालक मंडळानें अमेरिका व जर्मनी यांचा विरोध असतांही योजना मंजूर केली; परंतु या भागाचा पैसा चौकशी होईपर्यंत रोखून धरण्यांत आला. १९९३ मध्यें बँकेनें स्वतःच्याच कारभाराची तपासणी करणारें एक स्वतंत्र मंडळ स्थापिलें होतें. त्यानें चौकशी करून, बँकेच्या अधिकाऱ्यांनीं स्वतःचे नियम पाळले नाहींत, असा स्पष्ट अभिप्राय दिला. जुलै २००० मध्यें चीननें कर्जाची मागणी परत घेतली, आणि हें काम आम्ही आमच्या पैशानें करूं असें सांगितलें.

मग विरोधानें काय साधलें, असें विचारण्यांत येईल. ज्यास गांठचा पैसा आहे त्यास कर्ज नाकारून थांबवितां येत नाहीं, हें उघड आहे. परंतु १९१३ मध्यें सन यात्सेन यांच्या हांकेस कोठेंच दार नव्हतें. १९९९ मध्यें दुलानच्या लोकांच्या बाजूनें निदान एक दार ठोठावतां आलें, आंतल्या माणसांस उत्तर द्यावें लागलें, आणि तें उत्तर छापून जगापुढें आलें. हा लाभ लहान नव्हे. तो टिकला किती, हें पाहण्यास सिंक्यांगचें उदाहरण आहे. २०१५ मध्यें बँकेनें त्या प्रांतांतील धंदेशिक्षणाच्या शाळांसाठीं पांच कोटि डॉलर मंजूर केले. पुढें तेथें उइघुर मुसलमानांस मोठ्या संख्येनें कोंडून ठेवण्यांत येत असल्याचें जगास कळलें, आणि २०१९ मध्यें या योजनेशीं जोडलेल्या शाळांविषयीं गंभीर आरोप झाले. बँकेनें चौकशी करून सांगितलें कीं, आरोपांस पुष्टि मिळाली नाहीं. परंतु दूरवर पसरलेल्या जोडशाळांवर देखरेख ठेवणें कठीण असल्यामुळें योजना आटोपती घेत आहों. ज्या मुलखांत स्वतंत्र साक्षीदारास मोकळेपणानें बोलतां येत नाहीं, तेथें पुरावा मिळाला नाहीं या वाक्याची किंमत किती धरावी, हें वाचकांनींच ठरवावें. शाळेचें नांव चांगलें असलें म्हणजे कर्जही चांगलें, असें मानून चालणें हीच तेथें पहिली चूक झाली.

एवढ्या इतिहासावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, कर्जास विरोध करावा कीं करूं नये, हा प्रश्न घेणारा मित्र कीं शत्रु, श्रीमंत कीं गरीब, यावरून सोडविणें चुकीचें आहे. अधिकाऱ्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या. ज्यांनीं हें फेडावयाचें त्यांच्या प्रतिनिधींनीं संमति दिली आहे काय, आणि खरे प्रतिनिधि नसतील तर निदान कराराचा प्रत्येक शब्द उजेडांत आहे काय? फेडीचा भार कोणत्या करानें व कोणाच्या पाठीवर पडणार? आणि ज्यांस या कामापासून इजा पोंचेल त्यांस, स्वतःच्या सरकारची भीति न बाळगतां, सावकाराच्या दारीं येऊन गाऱ्हाणें सांगण्याची सोय आहे काय? या तिहींचें उत्तर नकारार्थी असेल तर कर्ज देणारा अमेरिकन असो, जपानी असो वा चिनी, त्यास विरोध केला पाहिजे. आणि तो का केला हें उघड सांगितलें पाहिजे. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यानें कोर्टास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराची मूळ हकीकत तपासण्याचा अधिकार दिला. राष्ट्रांच्या रोख्यांसही तोच न्याय लागू करण्यास कोणती अडचण आहे, हें आम्हांस समजत नाहीं.

आमच्या या म्हणण्यावर सर्वांत मोठा आक्षेप असा कीं, निवडून आलेलें सरकार नसलेल्या देशांतील गरिबांनीं मग रस्ते, पाणी व दवाखाने यांवांचूनच राहावें काय? मुळींच नाहीं. भूकंपानें पडलेलें घर बांधण्यास कोणाच्या राज्यपद्धतीची चौकशी करीत बसूं नये. परंतु तसें कर्ज देतांनाही पैसा जेथें जाणार म्हणून सांगितला तेथेंच गेला, हें पाहण्याचा अधिकार राखून ठेवावा. आणि तो अधिकार सावकाराच्या व्याजासाठीं नव्हे, तर लाभ ज्यास मिळावयाचा त्याच्यासाठीं वापरावा. १९१३ च्या कर्जांतही देखरेख होती, आणि ती अत्यंत कडक होती. फक्त ती रोखेवाल्याचा हप्ता चुकूं नये एवढ्यापुरती होती. पार्लमेंट मोडली जात असतांना त्या देखरेखीस कांहींच दिसलें नाहीं.

काळाची गति अशी विलक्षण कीं, त्या वेळचा ऋणको आज जगांतील मोठ्या धनकोंपैकीं एक झाला आहे. चीनच्या बँकांनीं इतर देशांशीं केलेल्या शंभर करारांचा अभ्यास २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं २०१४ नंतरच्या प्रत्येक करारांत गुप्ततेचें कलम आढळलें. म्हणजे आपल्या प्रतिनिधींस डावलून रात्रींच्या वेळीं केलेल्या सह्यांचा जाच ज्या राष्ट्राच्या लोकांनीं भोगला, त्याचींच आजचीं धनकोमंडळें आफ्रिकेंतील व आशियांतील प्रजेपासून करार झांकून ठेवण्याचें लेखी वचन घेत आहेत. सासुरवास सोसलेली सून पुढें सासू झाली म्हणजे शहाणी होतेच असें नाहीं, हें आमच्या घरोघरचें शहाणपण राष्ट्रांसही लागू पडतें.

हिंदुस्थान या प्रकरणांत केवळ प्रेक्षक नाहीं. १९४४ मध्यें ब्रेटन वुड्स येथें जागतिक बँकेची उभारणी झाली, तेव्हां हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत चिंतामणराव देशमुख बसलेले होते. आणि बँकेच्या संचालक मंडळांत आमचा प्रतिनिधि आजही मत देतो. चीनच्या पुढाकारानें निघालेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेंत भागधारक म्हणून आमचा क्रमांक दुसरा आहे. जून २०२० मध्यें गलवानच्या खोऱ्यांत आमचे सैनिक पडल्यावर दोनच दिवसांनीं त्याच बँकेनें आम्हांस ७५ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. तें रोगराईच्या संकटांतील लोकांसाठीं होतें, आणि तें घेण्यांत चूक झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घेतांना व इतरांस देण्यास संमति देतांना आमचे प्रतिनिधि कोणत्या कसोटीनें मत देतात, हें आमच्या पार्लमेंटमध्यें कोणी आग्रहानें विचारतो काय? वॉशिंग्टनचे अधिकारी निदान भांडतात, आणि त्यांचें भांडण जगास ऐकूं येतें. आमच्याकडे तेवढेंही ऐकूं येत नाहीं.

चीनच्या सरकारची वकिली करणें हा आमचा हेतु नाहीं, आणि त्याचा द्वेष करणें हें राजकारण आहे असेंही आम्ही मानीत नाहीं. १९१३ सालीं मिठाच्या प्रत्येक चिमटीबरोबर परदेशी व्याज भरणाऱ्या चिनी शेतकऱ्यास लंडन, वॉशिंग्टन अथवा पेकिंग यांपैकीं एकाही दरबारांत वाचा नव्हती, आणि त्याच्या पणतवंडांस ती आजही पुरती मिळालेली नाहीं. त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार इतरांस किती, याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण त्यांच्या नांवावर रोखा लिहून घेण्याचा अधिकार जर इतरांस असेल, तर त्यांस विचारलें आहे काय, एवढा प्रश्न करण्याचें कर्तव्यही इतरांवरच पडतें. तें जोंपर्यंत होत नाहीं, तोंपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या औदार्याची आणि कर्ज नाकारणाऱ्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत आम्ही सारखीच, म्हणजे थोडी, समजूं.